दुधाच्या हिशोबाचे अ‍ॅप गोठ्यापर्यंत पोहोचवायचे असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दूध उत्पादक शेतकऱ्याला रोजचे लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून इतर घन पदार्थ), मिळालेला दर आणि दर 10 दिवसांचे बिल लिहून ठेवता यावे म्हणून तुम्ही एक मराठी अ‍ॅप तयार केले आणि चार महिन्यांपूर्वी ते गूगल प्लेवर आणले. पहिल्या महिन्यात मित्र, नातेवाईक आणि गावकरी मिळून 600 च्या आसपास डाउनलोड झाले आणि त्यानंतर आकडा जवळजवळ थांबला. जाहिरातीसाठी 25,000 रुपये बाजूला ठेवले आहेत, ते कुठे खर्च करावेत आणि आयफोनसाठीही अ‍ॅप काढावे का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी गेली 11 वर्षे अ‍ॅप लोकांपर्यंत पोहोचवण्याचे काम करतो आणि त्यांतली बरीच अ‍ॅप शेती, पशुपालन आणि ग्रामीण दुकानदारीशी संबंधित होती. या अनुभवावरून माझे पहिले सांगणे असे की, त्या 25,000 रुपयांना पुढचे दीड-दोन महिने हात लावू नका. तुमच्या अ‍ॅपचा वापरकर्ता दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, दुधाची किटली हातात घेऊन उभा असतो. इतका नेमका ठावठिकाणा असलेला ग्राहक फार थोड्या अ‍ॅपना मिळतो. त्याच्यापर्यंत पैसे न घालता जाता येते, आणि तो अ‍ॅप का ठेवतो किंवा का काढून टाकतो हे कळल्यानंतरच जाहिरातीवर खर्च केलेला रुपया कामी येतो.

सुरुवात प्ले कन्सोलमधल्या, म्हणजे गूगल प्लेच्या विकसकांसाठीच्या खात्यातल्या, आकड्यांपासून करा. गेल्या तीन महिन्यांत तुमच्या अ‍ॅपचे पान किती जणांनी पाहिले, त्यांपैकी किती जणांनी ते घेतले आणि घेतलेल्यांपैकी आज किती फोनांत ते शिल्लक आहे, हे तीन आकडे एका कागदावर लिहा. समजा महिन्याला 300 लोक पान पाहतात आणि त्यांतले 45 जण अ‍ॅप घेतात, तर अडचण पानात आहे, कारण आलेला माणूस दारातून परत जातो आहे. समजा 60 जण पान पाहतात आणि त्यांतले 30 घेतात, तर पान चांगले आहे, पण ते कुणाला सापडत नाही. आणि जर 600 पैकी आज 90 फोनांतच अ‍ॅप उरले असेल, तर अडचण अ‍ॅपच्या आत आहे आणि ती सुटेपर्यंत नवीन लोक आणणे म्हणजे गळक्या किटलीत धार काढणे आहे. या तिन्ही दुखण्यांचे औषध वेगवेगळे आहे. बहुतेक विकसक हे न पाहताच जाहिरात सुरू करतात, आणि ती कुठे अपुरी पडली हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही.

आता पानाकडे येऊ. गूगल प्लेवर नावासाठी 30 अक्षरचिन्हे, लहान वर्णनासाठी 80 आणि सविस्तर वर्णनासाठी 4000 मिळतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते, त्यामुळे डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसणारा ‘दूध’ हा शब्द तिथे तीन जागा घेतो. म्हणून नावात एकही शब्द उगाच नसावा. ‘दुग्धव्यवसाय व्यवस्थापन प्रणाली’ असे नाव प्रकल्प अहवालात शोभते, पण ते तीस चिन्हांत बसत नाही आणि कोणताही शेतकरी ते शोधत नाही. ‘दूध हिशोब: फॅट, दर आणि पगार’ हे नाव 27 चिन्हांत बसते आणि त्यातला प्रत्येक शब्द दूध संकलन केंद्रावर रोज ऐकू येतो. काही भागांत दर 10 दिवसांनी मिळणाऱ्या पैशांना ‘बिल’ म्हणतात, काही ठिकाणी ‘पगार’ म्हणतात. तुमच्या तालुक्यात जे म्हणतात ते नावात घ्या आणि दुसरा शब्द लहान वर्णनात ठेवा. नावात ‘सर्वोत्तम’, ‘नंबर एक’, ‘मोफत’ असे शब्द किंवा इमोजी टाकू नका, कारण गूगलने 2021 पासून नाव, आयकॉन आणि विकसकाच्या नावात ते निषिद्ध केले आहेत.

लोक काय टाइप करतात हे अंदाजाने ठरवू नका. ज्याने तुमचे अ‍ॅप कधी पाहिलेले नाही अशा कुणाचा तरी फोन घ्या, प्ले स्टोअरच्या शोधपट्टीत ‘दूध’ एवढेच लिहा आणि खाली कोणते शब्द सुचवले जातात ते पाहा. मग ‘हिशोब’ आणि ‘हिशेब’ दोन्ही लिहून पाहा, कारण मराठीत दोन्ही रूपे चालतात आणि यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. यानंतर तेच शब्द रोमन लिपीत टाइप करा. ग्रामीण भागातला तरुण मराठीत बोलतो, पण फोनवर शोधताना तो बऱ्याचदा रोमन अक्षरांत मराठी लिहितो किंवा माइकचे बटण दाबून बोलतो. सुचवल्या जाणाऱ्या वीस-पंचवीस शब्दांची यादी तयार झाली की त्यांतले शब्द सविस्तर वर्णनात, वाचणाऱ्याला अर्थ लागेल अशा वाक्यांत गुंफा. नुसती शब्दांची माळ लावली तर ते गूगलच्या नियमांविरुद्ध होते, शिवाय पान वाचणाऱ्याचा विश्वासही उडतो.

इथे एक गोष्ट माझ्या पाहण्यात अनेकदा आली आहे आणि ती तुम्हालाही लागू असण्याची दाट शक्यता आहे. प्ले स्टोअर कोणत्या भाषेतले पान दाखवणार हे वापरणाऱ्याच्या फोनच्या आणि खात्याच्या भाषेवर ठरते. फोन विकत घेताना दुकानदाराने जी भाषा लावून दिली तीच पुढे अनेक वर्षे राहते, आणि ती बहुधा इंग्रजी असते. म्हणजे तुम्ही मेहनतीने लिहिलेले मराठी पान ज्याच्यासाठी आहे तो माणूस प्रत्यक्षात तुमचे इंग्रजी पान पाहत असतो, आणि ते तुम्ही घाईत पाच ओळींत उरकलेले असते. त्यामुळे दोन्ही पाने सारख्याच काळजीने लिहा. इंग्रजी पानाच्या नावात रोमन लिपीतले मराठी शब्द ठेवा, आणि चित्रे मात्र दोन्ही पानांवर मराठीच ठेवा. ज्याचा फोन इंग्रजीत आहे त्याला मराठी वाचता येते, पण इंग्रजी चित्रे पाहून ‘हे आपल्यासाठी नाही’ असे त्याला वाटते.

चित्रांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पान पाहणारे बहुतेक जण वर्णन उघडत नाहीत. आयकॉन, नाव, रेटिंग आणि पहिली दोन-तीन चित्रे एवढ्यावरच त्यांचा निर्णय होतो. तुमच्या पानावर पहिले चित्र लॉगिनच्या पडद्याचे आणि दुसरे मेनूचे आहे, असे तुम्ही लिहिले आहे. या दोन्हींतून शेतकऱ्याला काहीच कळत नाही. पहिल्या चित्रात 10 दिवसांचे पूर्ण बिल दिसू द्या: सकाळ आणि संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ, दर, खाली पशुखाद्याची आणि उचलीची कपात, आणि ठळक अक्षरांत हातात येणारी रक्कम. आकडे खरे वाटतील असेच घ्या. गाईच्या दुधासाठी 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हा आपल्याकडे दर ठरवण्याचा आधार आहे. त्याऐवजी चित्रात 5.5 फॅटचे गाईचे दूध दिसले तर जाणकार माणूस तिथेच ओळखतो की, हे अ‍ॅप करणाऱ्याला गोठा माहीत नाही. दुसऱ्या चित्रात रोजची नोंद किती झटपट होते ते दाखवा, आणि तिसऱ्यात कृत्रिम रेतनाच्या तारखेवरून पुढच्या माजाची आणि विण्याची तारीख कशी मिळते ते दाखवा. प्रत्येक चित्रावर एकच ओळ असावी आणि ती भर उन्हात, काच तडकलेल्या फोनवरही वाचता यावी.

पानाच्या दोन आवृत्त्या लोकांना आळीपाळीने दाखवून कोणती चालते ते तपासण्याची सोय प्ले कन्सोलमध्ये आहे. तुमच्याकडे आज येणाऱ्यांची संख्या कमी असल्याने बटणाचा रंग, शब्दाची जागा असे बारीक फरक तपासून काही हाती लागणार नाही. तपासायचेच असेल तर पूर्णपणे वेगळे पहिले चित्र लावून पाहा आणि निदान महिनाभर थांबा.

आता दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो. पशुपालनाच्या एका अ‍ॅपसाठी मी पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका संकलन केंद्रावर पहाटे पावणेसहाला जाऊन बसलो होतो. पन्नाशीच्या पुढचे एक गृहस्थ दूध घालून, मशीनमधून आलेली चिठ्ठी खिशात ठेवून आमच्याजवळ आले आणि अ‍ॅप दाखवा म्हणाले. त्यांच्या फोनवर डाउनलोड सुरू केले, तर जागा अपुरी असल्याचा संदेश आला. त्यांनी शांतपणे व्हॉट्सअ‍ॅपमधले व्हिडिओ एकेक करून काढले, त्यात सात-आठ मिनिटे गेली. अ‍ॅप उतरले, उघडले, आणि त्याने सर्वांत आधी मोबाइल क्रमांक मागितला. पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क एकच कांडी होते, ओटीपी येईना. ते बाहेर रस्त्यावर गेले, ओटीपी आला, तो टाकेपर्यंत त्याची मुदत संपली. दुसऱ्या वेळी जमले, तर पुढच्याच पडद्यावर फोनमधल्या संपर्क क्रमांकांची परवानगी मागितली गेली. गृहस्थांनी फोन खिशात ठेवला, ‘पोरगा आल्यावर बघतो’ म्हणाले आणि किटली सायकलला अडकवून निघून गेले. आमच्या अहवालात त्यांची नोंद ‘एक यशस्वी डाउनलोड’ अशी झाली होती.

त्या सकाळनंतर आम्ही अ‍ॅपची सुरुवात बदलली. अ‍ॅप उघडताच आजच्या दुधाची नोंद करण्याचा पडदा येऊ लागला, क्रमांक आणि ओटीपी तीन दिवसांच्या नोंदी झाल्यानंतर ‘फोन बदलला तरी हिशोब जपून ठेवायचा आहे का’ या प्रश्नाबरोबर मागितला जाऊ लागला, आणि संपर्क क्रमांकांची परवानगी पूर्णपणे काढून टाकली. नेटवर्क नसतानाही नोंद व्हावी आणि नंतर ती आपोआप वर जावी, अशी व्यवस्था केली. तुमच्या अ‍ॅपमध्ये ही चारही कामे आधी करा. अ‍ॅपचा आकारही तपासा. गूगलने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अ‍ॅपचा आकार दर 6 एमबीने वाढला की पान पाहून अ‍ॅप घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 1 टक्क्याने घटते. तुमचे अ‍ॅप 48 एमबीचे आहे, आणि हिशोबाच्या वहीला एवढी जागा लागण्याचे कारण नाही. न वापरलेल्या लायब्ररी (तयार कोडचे संच) आणि मोठी चित्रे काढली तर ते बरेच खाली येईल. अ‍ॅप बंद पडण्याचे प्रमाणही पाहा: रोजच्या वापरकर्त्यांपैकी 1.09 टक्क्यांहून अधिक जणांना ते मध्येच बंद पडलेले दिसले, किंवा 0.47 टक्क्यांहून अधिक जणांना ते गोठून राहिलेले दिसले, तर गूगल प्ले त्या अ‍ॅपला शोधात आणि शिफारशींत मागे ढकलू शकते. कमी मेमरीच्या स्वस्त फोनवर हे प्रमाण जास्त असते आणि तुमचे ग्राहक बहुतांशी तेच फोन वापरतात, म्हणून तपासणी स्वतःच्या महागड्या फोनवर न करता तालुक्याच्या बाजारात मिळणाऱ्या जुन्या फोनवर करा.

रेटिंग कधी मागावे, हाही तुमच्या बाबतीत अगदी स्पष्ट उत्तर असलेला प्रश्न आहे. शेतकऱ्याच्या नोंदींवरून काढलेले 10 दिवसांचे बिल आणि केंद्राने दिलेले बिल जुळले, किंवा फरक निघाला आणि तो अ‍ॅपमुळे लक्षात आला, तो क्षण रेटिंग मागण्याचा आहे. गूगलने 2020 पासून अ‍ॅपच्या आतच रेटिंग घेण्याची सोय दिली आहे, ती वापरा. ‘तुम्हाला अ‍ॅप आवडले का’ असे आधी विचारून, हो म्हणणाऱ्यांनाच रेटिंगकडे पाठवण्याची युक्ती अनेक जण करतात. ती गूगलच्या मार्गदर्शक सूचनांत बसत नाही. आज दिसणारे सरासरी रेटिंग अलीकडच्या मतांना अधिक वजन देऊन काढले जाते, त्यामुळे सुरुवातीच्या चुकांमुळे मिळालेले एक-दोन तारे कायमचे चिकटत नाहीत. प्रत्येक तक्रारीला 350 चिन्हांच्या मर्यादेत, मराठीत, त्या माणसाच्या नेमक्या अडचणीबद्दल उत्तर लिहा, आणि दुरुस्ती झाली की त्याला पुन्हा कळवा. असे केल्यानंतर एक तारा देणाऱ्याने स्वतःहून चार तारे केल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

पैसे देऊन डाउनलोड किंवा अभिप्राय विकत घेण्याचे प्रस्ताव तुम्हाला येतील, कदाचित आलेही असतील. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या आग्रहावरून आम्ही अशा एका संस्थेमार्फत डाउनलोड घेतले होते आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप आहे. आकडा आठवडाभरात वाढला, पण ते लोक बक्षिसाच्या नाण्यांसाठी अ‍ॅप उतरवणारे होते आणि त्यांनी ते तितक्याच वेगाने काढून टाकले. गूगलच्या धोरणानुसार यासाठी अ‍ॅप हटवले जाऊ शकते, हा धोका तर होताच. त्याहून मोठे नुकसान असे झाले की, आमचे सगळे आकडे दूषित झाले आणि खरा वापरकर्ता अ‍ॅपमध्ये काय करतो हे पुढचे कित्येक महिने आम्हाला ओळखता येईना.

यानंतरचे काम गावागावांत जाऊन करायचे आहे आणि माझ्या मते तुमच्या अ‍ॅपची खरी वाढ तिथेच होणार आहे. 10 संकलन केंद्रे निवडा, शक्यतो एकमेकांना लागून असलेली, म्हणजे एका गावातला माणूस दुसऱ्या गावातल्या पाहुण्याला सांगेल तेव्हा ते अ‍ॅप तिथेही माहीत असेल. केंद्राच्या सचिवाला किंवा चालकाला आधी भेटा. त्याच्या मनात एक शंका असते आणि ती तो बोलून दाखवत नाही: शेतकऱ्याच्या हातात हिशोब आला की तो रोज भांडायला येईल. ही शंका तुम्हीच काढा आणि तिचे उत्तर द्या. वहीतली तफावत दहाव्या दिवशी कळण्याऐवजी दुसऱ्या दिवशी कळली तर चूक लगेच दुरुस्त होते आणि बिलाच्या दिवशी होणारी वादावादी टळते, हे त्याला एखाद्या जुन्या बिलावर करून दाखवा. जो चालक हे समजून घेतो तो स्वतःच लोकांना अ‍ॅप घ्यायला सांगतो, आणि त्याच्या शब्दाला कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त वजन असते. जो टाळाटाळ करतो त्याच्या केंद्रावर वेळ घालवू नका.

केंद्रावर नुसते पोस्टर लावून काही होत नाही, कारण दूध घालणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि भिंतीवर आधीच पशुखाद्याची दहा पोस्टर असतात. त्याऐवजी फॅट आणि एसएनएफनुसार दराचा तक्ता स्वच्छ छापून द्या. तो तक्ता लोक रोज वाचतात, दर बदलला की नवा मागतात, आणि त्याच्या कोपऱ्यात क्यूआर कोड असला की तो रोज डोळ्यांसमोर राहतो. खिशात मावेल असा छोटा तक्ताही द्या, तो घरी जातो आणि मुलगा किंवा सून फोनवर अ‍ॅप घेते. अनेक घरांत गोठ्याचे काम आणि दुधाचा हिशोब बायकाच पाहतात, त्यामुळे सकाळच्या रांगेतल्या पुरुषांवरच सगळी भिस्त ठेवली तर खरा वापरकर्ता निसटतो. महिला बचत गटाच्या बैठकीत अर्धा तास मिळाला तर तो जरूर घ्या.

संकलन केंद्राखेरीज कृत्रिम रेतन करणारे, पशुवैद्यक आणि पशुखाद्याचे दुकानदार हे तीन दुवे फार महत्त्वाचे आहेत. रेतन करणाऱ्याचा रोजचा त्रास असा की, तारीख शेतकऱ्याच्या लक्षात राहत नाही. गाय साधारण 21 दिवसांनी पुन्हा माजावर येते, गाभण राहिली तर गाईला सुमारे 280 आणि म्हशीला सुमारे 310 दिवस लागतात, आणि या तारखांची आठवण तुमचे अ‍ॅप देते. त्याने रेतन केल्यावर तिथेच शेतकऱ्याच्या फोनवर तारीख टाकून दिली तर त्याचेही काम सोपे होते. काष्टी, सांगोला, लोणी इथले जनावरांचे बाजार, बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र, डिसेंबरात मोशीला भरणारे ‘किसान’ प्रदर्शन या जागाही उपयोगी आहेत, मात्र तिथे स्टॉलचे भाडे भरण्यापेक्षा दोन जणांनी तक्ते घेऊन फिरणे आज तुम्हाला परवडेल.

प्रत्येक केंद्राला, प्रत्येक दुकानदाराला आणि प्रत्येक तक्त्याला वेगळी लिंक द्या. प्ले स्टोअरच्या लिंकला स्रोताची खूण जोडता येते, तिला यूटीएम म्हणतात, आणि कोणत्या खुणेवरून किती जण आले हे प्ले कन्सोलमध्ये वेगळे दिसते. महिन्याअखेरीस तुम्हाला कळेल की, एका केंद्रावरून 80 जण आले आणि दुसऱ्यावरून 3. मग पहिल्या केंद्रावर जाऊन बसा आणि तिथे काय वेगळे घडले ते विचारा. जुन्या लेखांत फायरबेस या गूगलच्या विकसकांसाठीच्या सेवेतल्या डायनॅमिक लिंक वापरण्याचा सल्ला आढळेल, पण ती सेवा गूगलने ऑगस्ट 2025 मध्ये बंद केली आहे, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका.

अ‍ॅपमध्ये एकच नवी गोष्ट करायला सवड असेल तर ही करा: 10 दिवसांचे बिल एका स्वच्छ चित्राच्या रूपात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याचे बटण द्या. शेतकरी ते बिल भावाला, शहरातल्या मुलाला, कधी केंद्रचालकाला पाठवतो. चित्राच्या तळाशी अ‍ॅपचे नाव आणि सोबतच्या मजकुरात लिंक असली की, दर महिन्याला तीन वेळा, 1 ते 10, 11 ते 20 आणि 21 ते महिनाअखेर या प्रत्येक हप्त्याच्या शेवटी, तुमचे अ‍ॅप आपोआप नव्या लोकांपुढे जाते. नाव लहान ठेवा आणि बिल मोठे ठेवा, नाहीतर जाहिरात म्हणून लोक ते पाठवणार नाहीत. अनोळखी व्हॉट्सअ‍ॅप गटांत लिंक टाकत फिरू नका, आणि घाऊक एसएमएस पाठवायचा विचार असेल तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार डीएलटी नोंदणी (पाठवणाऱ्याची दूरसंचार कंपन्यांकडची नोंदणी) आणि मंजूर मजकूर लागतो, हे लक्षात ठेवा.

यूट्यूबवर दूध व्यवसायाबद्दल मराठीत बोलणारे अनेक जण आहेत. त्यांना पैसे देण्याआधी स्वतः दोन-तीन मिनिटांचे पाच-सहा व्हिडिओ करा, ज्यांत अ‍ॅपचे गुणगान नसेल. फॅट 0.1 ने घटला तर 10 दिवसांत किती रुपये जातात, एसएनएफ का लागत नाही, बिलातली कपात कशी वाचावी, हे प्रश्न लोक खरोखर शोधतात, विशेषतः दर बदलतात त्या आठवड्यांत. हिशोब अ‍ॅपच्या पडद्यावर करून दाखवला की पुढचे सांगावे लागत नाही. एखाद्या चॅनेलला मोबदला देणार असाल तर ती जाहिरात असल्याचे व्हिडिओत स्पष्ट सांगायला लावा. तसा नियम आहे आणि प्रेक्षकाचा मानही त्यातच आहे.

हे सगळे करून दीड-दोन महिने झाले, आणि नवीन आलेल्या माणसांपैकी निदान तिसरा हिस्सा अकराव्या दिवशीही नोंद करताना दिसू लागला, की मग 25,000 रुपये बाहेर काढा. अकरावा दिवस मी मुद्दाम म्हणतो, कारण पहिले बिल निघाल्यानंतरही जो थांबला त्याला अ‍ॅपचा उपयोग कळलेला असतो. तिसरा हिस्सा हे माझ्या कामातले अंगवळणी पडलेले माप आहे, तो नियम समजू नका. गूगलच्या अ‍ॅप कॅम्पेनमध्ये तुम्ही मजकूर, चित्रे आणि व्हिडिओ देता आणि गूगल ते शोधात, प्ले स्टोअरवर, यूट्यूबवर आणि इतर ठिकाणी दाखवते. गूगलची शिफारस अशी की, एका डाउनलोडसाठी जितका खर्च धरला असेल त्याच्या 50 पट तरी रोजची रक्कम असावी. समजा तुम्ही डाउनलोडमागे 10 रुपये धरले, तर रोजचे 500 होतात आणि तुमचे पैसे 50 दिवस पुरतात. सगळ्या महाराष्ट्रात ते पसरू नका. ज्या दोन-तीन जिल्ह्यांत तुमची केंद्रे आहेत तेवढेच निवडा, म्हणजे जाहिरात पाहिलेल्या माणसाला केंद्रावर कुणीतरी ते अ‍ॅप वापरताना दिसेल. भाषेच्या निवडीत फक्त मराठी ठेवली तर इंग्रजीत फोन असलेले शेतकरी वगळले जातील, म्हणून इंग्रजी आणि हिंदीही ठेवा आणि जाहिरातीचा मजकूर मराठीच लिहा. ‘तीन दिवस दुधाची नोंद केली’ ही घटना फायरबेसमधून आधीच मोजायला लावा. पहिल्या आठवड्यांत कॅम्पेन डाउनलोडसाठी चालेल, पण पुरेशा घटना जमल्यावर ते याच घटनेसाठी चालवता येईल, आणि तेव्हा डाउनलोड महाग पडले तरी टिकणारा माणूस स्वस्त पडतो. चालू कॅम्पेनमध्ये रोज बदल करू नका, त्याला शिकायला निदान दोन आठवडे द्या.

राहिला आयफोनचा प्रश्न. अ‍ॅपलची विकसक नोंदणी दरवर्षी 99 डॉलर आहे, तर गूगल प्लेसाठी तुम्ही एकदाच 25 डॉलर भरले आहेत. आपल्या देशात 10 पैकी 9 हून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडचे आहेत आणि गोठ्यावर तर हे प्रमाण त्याहूनही जास्त भरेल. शिवाय अ‍ॅप स्टोअरवर शोधशब्दांसाठी वेगळी 100 चिन्हांची जागा असते आणि तिथल्या शोधात सविस्तर वर्णन धरले जात नाही, म्हणजे तिथले पान नव्याने बांधावे लागेल. तो वेळ या वर्षी तुम्ही संकलन केंद्रांवर घालवा. सुरुवात ज्या 600 जणांनी अ‍ॅप घेतले त्यांच्यापासूनच करता येईल: त्यांपैकी जे आजही रोज नोंद करतात ते कोण हे शोधा, त्यांच्यातल्या दहा जणांच्या गोठ्यावर जा, आणि ते कोणत्या वेळी, कुणाच्या फोनवर, कोणत्या पडद्यावर नोंद करतात ते शेजारी बसून पाहा.